पाचव्या खणातलं पाणी

२ फेब्रुवारी १९८७, सोमवार

आज पोचलो. तुळजापूरला सोलापूरची गाडी सोडली तर स्टँडबाहेर साखर कारखान्याची जीप उभीच होती. पुढच्या काचेवर खडूनं लिहिलेलं, ‘बनसोडे साहेब, पुणे’. माझ्या नावापुढं साहेब कुणी पहिल्यांदाच लिहिलं. ड्रायव्हर बाबू म्हणाला की पाटी सापडली नाही म्हणून काचेवर लिहावं लागलं, पुसून टाकू का? मी म्हटलं, राहू द्या. तेच नाव मिरवत दीड तास आलो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिवारं करपलेली. ऊस उभा आहे, पण वाळून पिवळा पडलेला. असं असताना आनंद वाटावा हे बरं नाही, पण खरं सांगायचं तर मी खुशीत होतो. कंपनीनं एकट्याला पाठवलेलं हे माझं पहिलं काम. इथल्या कॉम्प्युटरची दोन कपाटं गेल्या वर्षी बसली. आता आणखी दोन जोडायची, अन् वर्षभर इथंच राहून सगळं सांभाळायचं.

क्वार्टर दोन खोल्यांचं, स्वतंत्र, पुढं लिंबाचं झाड. ईटला आईला पत्र टाकलं : जागा उत्तम, माणसं चांगली. नळाला तीन दिवसांआड पाणी येतं एवढं लिहायचं गाळलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

हे यंत्र मला फार आवडतं. माणसाच्या उंचीची लोखंडी कपाटं, प्रत्येकात आठ खण, प्रत्येक खणात हातभर लांबीचं एक कार्ड. यंत्र वाढवायचं तर ते थांबवावं लागत नाही. रिकाम्या खणात नवं कार्ड सरकवायचं, खट् आवाज होईपर्यंत. आधी लाल दिवा लागतो, मग हिरवा. हिरवा झाला की ते कार्ड कामाला लागलं. कमी करायचं तर उलटं. त्या कार्डावर जे आहे ते शेजारच्या कार्डांवर हलवायचं, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मगच खटका उघडून ओढायचं. दिवा हिरवा असताना ओढलं तर त्यावरचं सगळं गेलं. पुण्याला आमचे शिकवणारे एकच वाक्य घोकून घ्यायचे, आधी रिकामं कर, मग ओढ.

आज छपाई चालू असताना मी तिसरं कपाट जोडलं. बघायला सगळं ऑफिस जमलं होतं. छपाई क्षणभरही थांबली नाही. कार्यकारी संचालक शरणबसप्पा साहेबांनी पाठ थोपटली. मग मूळ गाव विचारलं. मग पूर्ण नाव. मग वडील काय करतात. मी सांगितलं, ईटला शाळामास्तर होते.

दुपारी चहा आला तो सगळ्यांना कपबशीत अन् मला काचेच्या ग्लासात. केशरबाई म्हणून एक बाई मशीनची खोली झाडतात, आपल्यातल्याच. त्यांनी ग्लासाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् परत झाडू लागल्या. ग्लास धुऊन मीच खिडकीत ठेवला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

चारही कपाटं सुरू झाली. बत्तीस कार्डं, बत्तीस हिरवे दिवे.

कारखाना यंदा लवकर बंद पडणार, उसात रस नाही. म्हणून यंत्राला आता दुसरं काम आहे. भागातल्या गावांना अन् वस्त्यांना कारखान्याचे टँकर पाणी देतात. कुठल्या दिवशी कुठला टँकर कुठं जायचा, हे यंत्र रोज सकाळी छापतं. एका कार्डावर दहाबारा गावांचा एक गट. ड्रायव्हर तो कागद घेऊन निघतात.

आपल्या कागदाचं पुढं काय होतं ते बघावं म्हणून आज बाबूच्या टँकरवर (जीप सोडून तो आता टँकर चालवतो) बसून माकणीच्या वाटेला गेलो. पांढरवस्ती, तीसेक घरं. रस्त्याकडेला घागरींची रांग अन् रांगेत कुठंही भांडण नाही. मथुराबाई नावाच्या एक बाई, पन्नाशीच्या असतील, रांग लावत होत्या. कागद माझ्या यंत्रातून येतो हे बाबूनं सांगताच त्यांनी पहिला तांब्या भरून माझ्यापुढं धरला. म्हणाल्या, “तुमच्या कागदानं आलं न्हवं? मग तुमी आधी प्या.” त्यांचाच तांब्या. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. कोंडिबा म्हणून एक म्हातारे होते, त्यांनी हातावर गुळाचा खडा ठेवला. येताना आपण काही चांगलं काम करतोय असं वाटत होतं.

३ मार्च, मंगळवार

वीज दिवसाचे चौदा तास नसते. जनरेटरवर दोनच कपाटं चालतील. म्हणून यंत्र कमी करायचं ठरलं, तिसरं अन् चौथं कपाट बंद.

तीन दिवस बसून मी उसाच्या नोंदी काढून टाकल्या अन् उरलेलं पहिल्या दोन कपाटांत दाबून भरलं. सगळं बसलं, एक कार्ड सोडून. तिसऱ्या कपाटाचा पाचवा खण. माकणीकडच्या अकरा वस्त्या, पांढरवस्ती त्यातच.

मी म्हटलं, या अकरा वस्त्या हातानं कागदावर लिहून देतो. शरणबसप्पा साहेब म्हणाले, ड्रायव्हर छापील कागदावरच जातील, हाताच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या तर प्रत्येक पुढारी चिठ्ठी पाठवील. मी म्हटलं, मग एखादा दुसरा गट काढू, ज्यांच्याकडं विहिरी आहेत. ते म्हणाले, ती संचालकांची गावं. आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, “बनसोडे, शिकून इथवर आलात. कशाला अडचण करून घेता?”

खटका उघडला तेव्हा दिवा हिरवाच होता. ओढताना कार्ड जड लागलं. कपाट बंद केल्याच्या कागदावर सही केली.

१२ मार्च, गुरुवार

मथुराबाई चालत आल्या. दहा मैल, डोक्यावर रिकामी घागर. जाताना कुठं मिळालं तर घेऊन जाऊ म्हणून आणली होती.

टँकर आठ दिवस आला नाही, विचारायला कुणाकडं जायचं कळलं नाही, म्हणून माझ्याकडं आल्या. मी कागद दाखवला. वस्तीचं नाव आता यंत्रात नाही हे समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. मग माझ्या खिशाकडं बोट करून म्हणाल्या, “मग लिवा की. पेन हाय तुमच्यापाशी.”

पेननं होत नाही, असं मी म्हणालो.

खिडकीतल्या माझ्या ग्लासात पाणी होतं, ते मी पुढं केलं. घेतलं नाही मथुराबाईंनी. घागर उचलून गेल्या.

१७ मार्च, मंगळवार

बाबूनं सकाळी सांगितलं. पांढरवस्तीच्या विहिरीत तळाला वाटीवाटीनं पाणी पाझरतं. ते खरवडून भरायला तीन बायका दोर धरून उतरल्या होत्या. वरची कड ढासळली. दोघींना काल बाहेर काढलं, मथुराबाई अजून खालीच आहेत.

मी जेवलो नाही. दुपारी केशरबाई सांगायला आल्या की बंद कपाट ओलं झालंय.

तिसरं कपाट. त्याला चौदा दिवस वीज नाही. पाचव्या खणात हात घातला तर बोटं भिजली. छत कोरडं, खाली फरशी, जवळपास नळ नाही. आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवं साचलेलं. पाण्याला गाळाचा वास होता. पुसून घेतलं. बघता बघता परत आलं.

२० मार्च, शुक्रवार

थेंब थांबत नाहीत. केशरबाईंनी खाली पातेलं ठेवलं, ते तासात भरलं. त्यांनी ओंजळ भरून चाखलं अन् म्हणाल्या, गोड आहे. मी सांगितलं, टाकून द्या, यंत्रातलं पाणी आहे, विषारी असेल.

“टाकू?” त्या म्हणाल्या. “साहेब, घरी नातवंडं गाळ चाटत्यात. तुमी दुसरीकडं बघा, म्या नेते.”

मी दुसरीकडं बघितलं.

२६ मार्च, गुरुवार

कारखान्याच्या सगळ्या कॉलनीला कळलं. आता धार लागलीय, करंगळीएवढी. दारापासून फाटकापर्यंत रांग. कपाटाला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. ऑफिसातले सगळे येतात. मला ग्लासात चहा देणारा शिपाई आज माझ्या हातानं भरलेली कळशी घेऊन गेला. कुणाच्या हातचं पाणी, हे कुणी विचारत नाही. पाणी कुठून येतं, हेही नाही.

बाबूला मी गुपचूप विचारलं. तो म्हणाला, त्या अकरा वस्त्यांत आता वाटीभरही पाझरत नाही. पांढरवस्तीत आणखी दोघं गेली, एक म्हातारी अन् एक बाळंतीण.

इकडच्या पाण्याच्या अन् तिकडच्या मरणांच्या तारखा मी ताडून बघितल्या. नसत्या बघितल्या तर बरं झालं असतं.

१ एप्रिल, बुधवार

परवा दुसऱ्या कपाटातलं एक कार्ड उष्णतेनं आपोआप जळालं. त्यावरच्या नऊ वाड्या कागदावरून गेल्या. काल धार दुप्पट झाली.

शरणबसप्पा साहेबांच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं अन् आणखी दोन कार्डं काढा म्हणाले. कुठली ते त्यांनी लिहूनच ठेवलं होतं. मी म्हणालो, साहेब, तिथं माणसं मरतील. त्यांनी यादी माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाले, “मरतातच आहेत. कॉलनीत साडेतीनशे जीव आहेत, त्यात तुम्ही आलात. उद्या तुमचाच नळ आटला तर?”

त्यांचे डोळे लाल होते. झोप त्यांनाही नसावी.

मी कार्डं काढली. दोन्हींचे दिवे हिरवे होते. दुसरं ओढताना खणातून कण्हल्यासारखा आवाज आला. पंख्याचा असेल, असं मी केशरबाईंना सांगितलं. त्यांनी काही विचारलं नव्हतं.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. केशरबाईंच्या वस्तीत निळे झेंडे, बाबासाहेबांच्या फोटोला हार. इंजिनियर झालेला आपला माणूस म्हणून मला पुढं बसवलं, दोन शब्द बोलायला लावले. चवदार तळ्यावर बोललो. पाणी सगळ्यांचं असतं असं म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग लिंबाचं सरबत आलं. कुठल्या पाण्याचं ते मला ठाऊक होतं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. केशरबाई म्हणाल्या, घ्या साहेब, तुमच्याच पुण्याईचं आहे.

प्यालो. गोड होतं. शेवटच्या घोटाला जिभेवर काहीतरी गुंडाळलं. बोटानं ओढलं, ओढतच राहिलो. बाईचा केस, हातभर लांब, अर्धा पांढरा.

१५ एप्रिल

वांती झाली. नुसतं पाणी. गाळाचा वास.

२० एप्रिल, सोमवार

आज केलं. कुणाला विचारलं नाही. सकाळी वीज होती तेवढ्यात तिसऱ्या कपाटाला जोड दिली. पाचव्या खणाचं कार्ड माझ्या पेटीतच होतं. गावांची मूळ यादी ज्या टेपवर होती तिच्यावरून अकरा वस्त्यांची नावं त्यावर पुन्हा चढवली अन् खणात सरकवलं.

अर्ध्यावर अडलं. आतून कुणीतरी धरून ठेवलं होतं. दार आतून दाबून धरलं की कसं लागतं, तसं. मी जोर लावला, आतूनही जोर आला. मी म्हणालो, मी परत ठेवतोय, नाव परत लिहितोय. मोठ्यानं म्हणालो. केशरबाई झाडू टाकून बाहेर गेल्या.

मग एकदम सुटलं. खट्. लाल. हिरवा.

धार थांबली. कागदावर छापून आलं : पांढरवस्ती, उद्या सकाळी, बाबूचा टँकर. मी तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसलो होतो.

२१ एप्रिल

बाबू भरलेला टँकर घेऊन परत आला.

वस्तीत कुणी नाही. घरं उघडी, चुलीत राख, दोरीवर कपडे. कोंडिबांची काठी ओट्यावर. रस्त्याकडेला घागरी रांगेत मांडलेल्या, कळशा, हंडे, सगळं. त्यानं एकीत डोकावून बघितलं. काठोकाठ भरलेली. दुसरी भरलेली. सगळ्या भरलेल्या. भोवतालची माती कोरडी.

एवढं सांगून त्यानं किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या अन् चालत घरी गेला.

२२ एप्रिल

कॉलनीत पाणी नाही. नळ नाही, धार नाही. बायका रिकाम्या भांड्यांनिशी मशीनच्या खोलीपुढं बसून. सगळ्या माझ्याकडं बघतात. केशरबाईसुद्धा. दुपारी माझ्या दाराशी येऊन त्या एवढंच म्हणाल्या की धाकटी नात डोळे उघडत नाही. कार्ड काढा असं म्हणाल्या नाहीत.

मी काढलं नाही.

काय बरोबर आहे? कुणाला विचारू?

२३ एप्रिल, सकाळी

शरणबसप्पा साहेब स्वतः आले. कार्ड काढा. मी नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा कुणा साहेबाला नाही म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं अन् मला मशीनच्या खोलीत ठेवून बाहेरून कुलूप घातलं. काढलं की दार वाजवा, म्हणाले. पहारेकरी वीरप्पा बाहेर बसला आहे.

वही जवळ आहे. बसून लिहितो. काढणार नाही.

दुपारी

बाहेरचा आवाज थांबला. काचेतून बघितलं तर बायका उठून गेलेल्या. वीरप्पाची खुर्ची रिकामी. ऊन असं की डोळे उघडत नाहीत.

फाटकातून कुणीतरी येतंय. बायका. रांगेनं. डोक्यावर भांडी. बरं झालं, कुठूनतरी पाणी —

या कॉलनीतल्या नाहीत.

नंतर

चाल सावकाश. पदर अंगाला चिकटलेले. भर उन्हात ओले. पायांना गाळ. डोक्यावरच्या घागरी भरलेल्या, हिंदकळत नाहीत. म्हातारे पण आहेत. एकीच्या कडेवर फडक्यात काहीतरी.

रांगेत कुठंही गडबड नाही.

मी दार वाजवलं. वीरप्पा म्हणून ओरडलो. कुणी नाही.

पहिली दाराशी आली. काचेतून माझ्याकडं बघितलंही नाही. खाली बसली, घागर तिरकी केली. दाराखालून पाणी आत —

त्यांना पाणी नकोय. त्या परत करतायत.

घोट्याइतकं. गार. मी सांगतोय त्यांना, मी नाव घातलं, कागद बघा, छापील कागद दाराखालून सरकवला. ओला होऊन परत आला.

खिडकीला गज.

कार्ड काढलं तर — ते काढलं की ह्या पण — नाव नसलं की नाहीतच —

काढणार नव्हतो. लिहून ठेवतो, काढणार नव्हतो —

ओढलं. दिवा हिरवाच होता.

थांबलं नाही. आता खणातूनही येतंय. पाचव्यातून. सगळ्या खणांतून. टेबलावर चढून बसलोय. वही डोक्याशी धरून लिहि—

रांग वाढली. नऊ वाड्या पण आल्या. नंतरच्या दोन कार्डांच्या पण. फाटकाबाहेर, रस्त्यावर, दिसतंय तिथवर घागरीच. घाई नाही कुणाला. एकीचं ओतून झालं की ती बाजूला होते, अन् मागची